शाळेच्या अंगणातले पाणी

आम्ही दोघे गेली अठरा वर्षे मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी, एकाच महाविद्यालयात मराठी शिकवितो. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी आहेत आणि आमचे बहुतेक लेखन या दोन खुर्च्यांमधील वादातूनच जन्माला येते. त्यामुळे प्रस्तुत लेखातील 'आम्ही' हे ग्रंथकर्त्याच्या थोरवीचे नसून मोजून दोन माणसांचे आहे. या दोघांपैकी एकाला पोहता येते, एकीला येत नाही. या लेखापुरता एवढा परिचय पुरेसा आहे.

दर वर्षी डिसेंबर महिना उजाडला की आमच्याकडे शैक्षणिक सहलीच्या हमीपत्रांचा गठ्ठा येतो. 'माझा पाल्य सहलीदरम्यान कोणत्याही कारणाने पाण्यात उतरणार नाही' असे एक वाक्य त्यात असते आणि त्याखाली पालकाची सही अथवा अंगठा. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतील डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. तेव्हापासून हे वाक्य ठळक टाइपात छापले जाऊ लागले. आम्हीही ती हमीपत्रे निमूटपणे गोळा करतो, वर्गवार लावतो, फाइल करतो. ज्या मुलांना पोहता येत नाही त्यांना पाण्यापासून दूर ठेवण्याचा कागदी उपाय आपल्या शिक्षणव्यवस्थेला सुचला. त्यांना पोहायला शिकविण्याचा मात्र सुचला नाही, ही गोष्ट आमच्या ध्यानात यायला आणखी सहा वर्षे आणि एक मृत्यू जावा लागला.

२०२२ च्या दिवाळीच्या सुट्टीत आमचा तृतीय वर्षाचा एक विद्यार्थी शेततळ्यात बुडाला. त्याची धाकटी चुलतबहीण कडेवरून घसरली होती, तिला काढायला तो उतरला. त्याला पोहता येत नव्हते. मुलगी वाचली, तिला कुणीतरी साडी टाकून ओढून घेतले. तो वाचला नाही. ज्यांनी शेततळे पाहिले आहे त्यांना यातील यांत्रिकी वेगळी सांगावयास नको. पाणी मुरू नये म्हणून चारी उतारांवर जाड प्लास्टिकचे अस्तर पसरलेले असते. ओले झाले, त्यावर शेवाळ धरले की ते काचेसारखे निसरडे होते. कडेशी पोचलेला माणूसही वर चढू शकत नाही; हात टेकतो तिथून निसटतो.

सुट्टीनंतर आम्ही त्याची निबंधवही कपाटातून काढली. संतकाव्यातील पाण्याच्या प्रतिमांवर त्याने आठ पाने लिहिली होती. भवसागर, तारू, पैलतीर, नावाडी हे सारे त्यात होते आणि समासात आमच्यापैकी एकाच्या लाल शाईतील शेरा होता : 'रूपकाचा विस्तार चांगला. आणखी उदाहरणे हवीत.'

या शेऱ्याने आम्हांला अनेक रात्री झोपू दिले नाही. आपल्या भाषेत पाण्यातून पार होण्याला केवढा मान आहे! तरणे म्हणजे पाण्यावर राहणे, आणि तरणे म्हणजे वाचणेही. जो वाचवितो तो तारणहार. संकटात माणूस गटांगळ्या खातो, त्याच्या नाकातोंडात पाणी जाते, आणि कुणी एखाद्या कलेत वाकबगार असला की तो पट्टीचा पोहणारा ठरतो. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत तरल्याची कथा आम्ही दर वर्षी तितक्याच तन्मयतेने सांगतो. आणि हे सारे ज्या वर्गात सांगतो, त्या साठ जणांच्या वर्गात हात वर करायला सांगितले तेव्हा पोहता येणारे अकरा निघाले. अकराही मुलगे. पंडित आणि नावाडी यांची गोष्ट आपण सर्वांनीच लहानपणी ऐकलेली असते. त्या गोष्टीतील पंडिताने निदान स्वतःचाच जीव धोक्यात घातला होता.

आमच्यातला जो पोहतो तो सांगलीकडचा. तो शिकला विहिरीत. मे महिन्याची सुट्टी, मळ्यातली दगडी पायऱ्यांची विहीर, पाठीला वाळका भोपळा किंवा झाकण पक्के बसविलेला पत्र्याचा डबा, कमरेला दोर आणि दोराचे दुसरे टोक मामाच्या हातात. चौथ्या-पाचव्या दिवशी मामा काही न सांगता दोर सैल सोडायचा. मग सूर, मग मुटका, मग तळाची माती वर आणून दाखविण्याची पैज. हे सारे तो इतक्या रसाळपणे सांगतो की ऐकणाऱ्याला हेच खरे शिक्षण वाटावे. आमच्यातली जी पोहत नाही तिच्याही आठवणीत अशीच एक विहीर आहे. फक्त तिथे ती काठावर आहे, भावांचे कोरडे कपडे मांडीवर घेऊन बसलेली. ती पाण्यात उतरू नये असे कुणी तिला सांगितले नव्हते. सांगण्याची वेळच आली नाही.

विहिरीच्या या रम्य शाळेत प्रवेश कुणाला होता, हा प्रश्न विचारला की आठवणींचा रंग उतरू लागतो. मुलींना बहुधा नव्हता. (कोळीवाड्यांत, नदीकाठच्या काही वस्त्यांत मुली सर्रास पोहत, हे आम्हांला ठाऊक आहे, अपवाद आहेत आणि ते मोलाचे आहेत.) आणि ज्यांची विहीर नव्हती त्यांना तर नव्हताच. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यायलाही सत्याग्रह करावा लागला. हा इतिहास झाला असे म्हणावे, तर २०१८ च्या जूनमध्ये जळगाव जिल्ह्यातील जामनेर तालुक्यात विहिरीत पोहल्याच्या कारणावरून दलित मुलांना विवस्त्र करून मारहाण झाली. जून महिना, उकाडा, विहीर, पोरे : मामाच्या मळ्यातले सारे साहित्य इथे हजर होते. मालकी तेवढी वेगळी होती. कुणाला पोहता येते, हे आपल्याकडे विहीर कुणाची आणि मामा कुणाचा यांवर ठरत आले आहे.

आता तिने पाहिलेल्या एका वेगळ्या पाण्याविषयी. २०१९ च्या जूनमध्ये ती धाकट्या बहिणीकडे इंग्लंडला गेली होती. सात वर्षांच्या भाच्याला शाळेत सोडायला गेली तेव्हा मैदानाच्या एका कोपऱ्यात एक लांबट पांढरा तंबू उभा दिसला. आपल्याकडे जत्रेत टुरिंग टॉकीज लागावी तसा. आत जमिनीवरच चौकटी उभ्या करून त्यांत निळे अस्तर ताणलेले, आणि त्या अस्तरात पाणी. दहा मीटर लांब, पाचेक मीटर रुंद, खोली मीटरभर. एका बाजूला पाणी गाळणाऱ्या आणि कोमट ठेवणाऱ्या यंत्रांची घरघर. चढा-उतरायला दोन्हीकडे पायऱ्या. हा तलाव त्या शाळेचा नव्हता. तो काही आठवड्यांसाठी आला होता. मग उकलून, गुंडाळून, मोटारीत घालून पुढच्या शाळेत जाणार होता. आपल्याकडे फिरते वाचनालय असते, फिरता दवाखाना असतो. तसा हा फिरता तलाव.

इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात १९९४ पासून पोहणे आहे. प्राथमिक शाळा सोडण्यापूर्वी, म्हणजे अकराव्या वर्षापर्यंत, प्रत्येक मुलाला किमान २५ मीटर पोहता यावे, हात मारण्याच्या निरनिराळ्या पद्धती अवगत असाव्यात आणि पाण्यात संकट आल्यास स्वतःला सावरता यावे, अशी तेथील अपेक्षा. ती सर्वत्र पुरी होते असे मात्र नाही. गावातले तलाव बंद पडतात, बसचे भाडे वाढते. भाच्याच्या शाळेत आदल्या वर्षी आठवड्यातून एकदा मुलांना बसने दूरच्या तलावावर नेत : बस, कपडे बदलणे, पुन्हा कपडे, पुन्हा बस, अर्ध्या तासाच्या पाण्यासाठी अर्धा दिवस खर्ची, आणि आठवड्याने पुन्हा जावे तो मुलगा अर्धे विसरलेला. आता तंबूत रोज अर्धा तास, सलग दहा दिवस. बाराखडी आपण मंगळवारच्या मंगळवारी शिकवीत नाही, रोज गिरवून घेतो. तशातली ही गोष्ट.

परंतु तिच्या मनात राहिले ते दुसरेच. शिक्षिका हजेरीपट घेऊन तंबूच्या दाराशी उभी होती आणि मुले नावाच्या क्रमाने पाण्यात उतरत होती. कुणी सोमाली, कुणी पोलिश, कुणी पंजाबी. काही मुली पूर्ण बाह्यांच्या आणि पायघोळ पोशाखात. ज्याला भीती वाटते त्याचेही नाव, जिला येते तिचेही नाव. पहिल्या दिवशी भाचा पायरीवर बसून नुसता रडला. दुसऱ्या दिवशी त्याने पाण्यात तोंड घालून बुडबुडे काढले. दहाव्या दिवशी तो एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेला, शैली वगैरे काही नव्हती, पण गेला. ती तंबूबाहेर उभी राहून रडली. भाच्यासाठी नव्हे, हे तिने आम्हांला बऱ्याच उशिरा सांगितले.

यावर आमच्यात झालेला वाद लिहिणे भाग आहे, कारण तो अजूनही मिटलेला नाही. त्याचे म्हणणे : हे कसले पोहणे? तळ पायाला लागतो, पाणी कोमट, लाट नाही, ओढ नाही, अंधार नाही. अशा टबात शिकलेले पोर नदीत उतरले तर खोट्या धिटाईनेच बुडेल. तिचे म्हणणे : तळ पायाला लागतो म्हणूनच शिकता येते. पहिलीच्या मुलाच्या हाती आपण ज्ञानेश्वरी देत नाही म्हणून काय अंकलिपी खोटी ठरते? आणि मामाच्या विहिरीत किती जण शिकले याची मोजदाद तुम्ही सांगता, किती जण राहिले याची का नाही सांगत?

या वादापायी आम्ही बरेच वाचन केले, आणि ते साहित्याबाहेरचे असल्याने अडखळत केले. जपानची हकीकत सर्वांत आधी हाती लागली. ११ मे १९५५ रोजी सेतोच्या अंतर्समुद्रात 'शिउन मारू' ही नौका धुक्यात दुसऱ्या जहाजावर आदळून बुडाली. मृत १६८, त्यांतील १०० शाळकरी मुले, सहलीला निघालेली. त्या देशात शाळांतून तलाव बांधले गेले त्यामागे या व अशा अपघातांचा धक्का होता. सहलीत मुले बुडाली तेव्हा त्यांनी मुलांना पोहायला शिकविले, आणि आपण... परंतु हमीपत्रांविषयी वर लिहिलेच आहे. आज ते पक्के तलाव जुने झाले आहेत, दुरुस्ती परवडेना म्हणून अनेक शाळा ते बंद करीत आहेत. काँक्रीटचा तलाव ही श्रीमंत देशालाही जड जाणारी गोष्ट आहे, हेही त्यातून कळले.

बांगलादेशाने वेगळी वाट काढली. गावोगावच्या पुकुरात, म्हणजे घरामागच्या तळ्यात, बांबूचा मचाण बुडवून मीटरभर खोलीचे सुरक्षित चौकोन केले, गावातलीच माणसे शिक्षक म्हणून तयार केली, आणि जिथे तळे नाही त्या ढाका शहरात जमिनीवर मांडता येणारे तलाव आणले. व्हिएतनाममध्ये दा नांग शहरातील प्राथमिक शाळांच्या आवारात असेच हलते तलाव मांडले गेले. अभ्यासक्रमाची कसोटी इथेही तीच २५ मीटरांची. शिवाय काही काळ तरंगत राहणे, आणि बुडणाऱ्याला पाण्यात न उतरता, काठावरून काठी किंवा दोर देऊन काढणे. हा शेवटचा धडा वाचताना आम्ही दोघेही थांबलो. तो मुलगा पाण्यात उतरला होता.

खोट्या धिटाईच्या आक्षेपालाही उत्तर तिथेच होते. बांगलादेशातील या उपक्रमाचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. पोहायला शिकलेल्या मुलांत बुडून मरण्याचे प्रमाण न शिकलेल्यांच्या तुलनेत नव्वद टक्क्यांहूनही अधिक घटलेले आढळले. चार वर्षांच्या आतल्या बाळांना मात्र पोहणे शिकविण्यात अर्थ नसतो, त्यांना कुणीतरी डोळ्यांसमोर ठेवावे लागते. म्हणून आईच्या कामाच्या वेळात मुले सांभाळणारी घरे तिथे काढली गेली. त्यांचे नाव 'आंचल'. आंचल म्हणजे पदर. सरकारी योजनांना इतके अचूक नाव आपल्याकडे कधी मिळेल, असा विचार मनात आला तो मराठीच्या मास्तरांचा म्हणून वाचकांनी सोडून द्यावा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली. आपल्या देशात अपघाताने बुडालेल्यांची नोंद वर्षाला ३५,००० च्या वर जाते. जोडून येणारा मजकूर बहुधा असा असतो : 'पाण्याचा अंदाज न आल्याने'. तीस वर्षे वर्तमानपत्र वाचूनही हा अंदाज शिकविता येतो असे आम्हांला वाटले नव्हते.

२०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही शेजारच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत गेलो. मुख्याध्यापक आमचे परिचित, वाचणारे गृहस्थ. त्यांना तंबूतला तलाव समजावून सांगितला. ते ऐकत होते, आणि खिडकीबाहेर टँकरसमोर घागरींची रांग लागली होती. त्यांनी शांतपणे विचारले, "सर, पाणी किती लागतं म्हणालात?"

हिशेब सोपा होता. दहा मीटर गुणिले पाच गुणिले एक, म्हणजे पन्नास घनमीटर; पन्नास हजार लिटर. दहा हजारांचे पाच टँकर. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली तेव्हा तिच्या दहा वाघिणींत मिळून पाच लाख लिटर होते. म्हणजे आम्ही मागत होतो ती त्यातली एक वाघीण. लातूरची ती आगगाडी पाहायला आलेल्या माणसांचे चेहरे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांच्यासमोर हे वाक्य उच्चारणे सोपे नव्हते.

"मॅडम," गुरुजी म्हणाले, "माझी पोरं हात धुवायला पाणी जपून वापरतात. त्यांना मी पाण्यात खेळायला सांगू?"

आम्हांला उत्तर सुचले नाही. ते सुचले परतीच्या वाटेवर, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना. एक, दोन, तीन असे मोजत गेलो. सहा किलोमीटरांत नऊ शेततळी. तीस मीटर लांब, तीस रुंद, तीन खोल असे एक शेततळे भरले तर त्यात वीस लाख लिटरांच्या आसपास पाणी मावते. एका शेततळ्यात चाळीस शाळांचे तलाव. २०१६ पासून 'मागेल त्याला शेततळे' आले आणि ज्या मुलखात पोरांनी डोह पाहिला नव्हता, त्या मुलखात घराघरापासून हाकेच्या अंतरावर तीन मीटर खोल पाणी येऊन थांबले. नद्या आटल्या, विहिरी बोअरने सुकविल्या, मामाची पिढी संपली. पोहणे शिकण्याच्या जागा गेल्या आणि बुडण्याच्या जागा वाढल्या. दुष्काळी तालुका म्हणून इथे पोहण्याची गरज नाही, असे समजणे सर्वस्वी उलटे आहे. आणि अस्तर दोन्हीकडे सारखेच असते. तंबूतल्या अस्तराला पायऱ्या असतात, एवढाच फरक.

हा हिशेब घेऊन आम्ही पुन्हा गेलो. या खेपेस गुरुजींनी पालकसभा ठेवली होती. एकाने मुलींच्या कपड्यांचे विचारले. पाण्यात बाईशिक्षिकाच असेल का, असे दुसऱ्याने. हे प्रश्न हास्यास्पद नव्हते आणि आम्ही त्यांना तसे मानलेही नाही. पाणी गाळून पुन्हा वापरता येते, दोन-अडीचशे मुलांचे वर्ग त्याच पाण्यात होतात, शेवटी ते झाडांना देता येते, असे आम्ही व्याख्यानाच्या सुरात सांगत असताना मागून एक बाई उठल्या. "बापू," त्या गुरुजींना म्हणाल्या, "माझी पोर रोज सांजंला शेरडं पाजाया तळ्यावर जाती. कपड्याचं मागनं बघू. तिला आदी शिकवा."

सभेचा ठराव झाला. आम्ही दोघांनी मिळून प्रस्ताव लिहिला. आयुष्यात एवढी अलंकारमुक्त मराठी आम्ही क्वचितच लिहिली असेल. पाच महिन्यांनी तो एका कार्यालयातून परत आला. वर शेरा होता : 'टंचाईग्रस्त तालुका. सबब विचार करता येत नाही.' लाल शाईच होती. आम्ही तो पुन्हा पाठविला आहे, शेततळ्यांच्या संख्येचे परिशिष्ट जोडून.

दरम्यान गुरुजींनी त्यांच्यापुरते एक सुरू केले. शाळेच्या आसपासच्या चार शेततळ्यांच्या मालकांना भेटून प्रत्येक कडेला खुंटी ठोकून एक गाठींचा दोर पाण्यापर्यंत सोडायला लावला आणि खुंटीशी एक बूच लावलेला रिकामा कॅन बांधून ठेवला. आणि शनिवारी सकाळी, कवायतीच्या तासाला, मैदानावर चुन्याने एक चौकोन आखला : दहा मीटर बाय पाच. एक मूल चौकोनात उभे राहून हात वर करते, दुसरे कडेवर पोटावर आडवे होऊन दोर फेकते. कडेवरच्याने चौकोनात पाय टाकला तर सगळी शाळा ओरडते.

गेल्या महिन्यात आम्ही गेलो तेव्हा शेरडेवाल्या बाईंच्या मुलीचा क्रमांक आला होता. तिने इकडेतिकडे पाहिले आणि आमच्यातल्या तिला म्हणाली, "मॅडम, तुम्ही व्हा आत." ती चुन्याची रेघ ओलांडून मधोमध जाऊन उभी राहिली, हात वर केले. पहिला दोर आखूड पडला. दुसरा बाजूला गेला. गुरुजी हजेरीपट बंद करून नुसते पाहत होते. तिसरा तिच्या पायाशी आला.